वीस मतं, चोवीस मजले

३ जुलै २००९, दुपार. ग्रेनफेल टॉवरच्या आगीला सात वर्षं अकरा महिने बाकी.
दक्षिण लंडनच्या सदर्क बरोमध्ये लॅकनल हाउस ही १४ मजली इमारत आहे. मालकी बरो कौन्सिलची, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या निवडून आलेल्या स्थानिक संस्थेची. नवव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये टीव्ही पेटला. बाहेरच्या पॅनेलांनी काही मिनिटांत आग धरली आणि ती वरच्या मजल्यावर पोहोचली. मदतीसाठी फोन करणाऱ्यांना अग्निशमन दलाने घरातच थांबायला सांगितलं. सहा जण गेले. त्यांत तीन मुलं होती.

मार्च २०१३. सव्वाचार वर्षं.
लॅकनलच्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने सरकारला पत्र लिहिलं. इमारतींच्या अग्निसुरक्षेची नियमपुस्तिका क्लिष्ट आहे, तिचा फेरविचार करा, बाहेरच्या भिंतीवरून आग कशी पसरते हे त्यात स्पष्ट करा, अशी शिफारस होती. फेरविचार करू, असं उत्तर आलं. चार वर्षांनंतरही तो झालेला नव्हता.

मे २०१३.
आता लंडनच्या पश्चिमेकडे येऊ. केन्सिंग्टन अँड चेल्सी हा बरो देशातल्या सर्वांत श्रीमंत भागांत मोडतो. त्याच्या उत्तर टोकाला, लँकेस्टर वेस्ट वसाहतीत, ग्रेनफेल टॉवर होता. २४ मजले, उंची ६७ मीटर, जिना एकच. १९७४ मध्ये बांधून झाला. मालक कौन्सिल, कारभार मात्र कौन्सिलने नेमलेल्या भाडेकरू व्यवस्थापन संस्थेकडे. त्या महिन्यात टॉवरमध्ये विजेचा दाब वारंवार वाढला. घराघरांत उपकरणांतून धूर निघाला. रहिवासी तक्रार घेऊन गेले.

जुलै २०१३.
रहिवाशांचा एक गट या कारभारावर सतत लिहीत होता. कौन्सिलच्या वकिलाकडून त्यांना बदनामीचा ठपका ठेवणारं पत्र गेलं.

नोव्हेंबर २०१३. तीन वर्षं सात महिने.
टॉवरच्या नूतनीकरणाचं काम ठरलं होतं. अग्निसुरक्षा सल्लागारांनी अहवालाची तिसरी आवृत्ती दिली. बदलांमुळे बाहेरून आग पसरण्याच्या बाबतीत काही बिघडणार नाही, मात्र याची खात्री अहवालाच्या पुढच्या आवृत्तीत दिली जाईल, असं त्यात लिहिलं होतं.

पुढची आवृत्ती कधी निघालीच नाही. ती कुठे आहे, असं कोणी विचारलंही नाही. या सगळ्या प्रकरणाची कागदपत्रं चाळताना मी सर्वांत जास्त वेळ या एका वाक्यापाशी थांबते. एका फोनने सुटला असता असा प्रश्न होता तो.

२२ मे २०१४, गुरुवार, रात्री दहा. तीन वर्षं २३ दिवस.
बरो कौन्सिलच्या निवडणुकीचं मतदान संपलं. जागा ५०. हुजूर पक्ष ३७, मजूर पक्ष १२, लिबरल डेमोक्रॅट १. या निकालाने कोणी दचकलं नाही. १९६० च्या दशकात हा बरो स्थापन झाल्यापासून सत्ता हुजूर पक्षाचीच होती. कौन्सिलचा जमाखर्च उत्तम होता. त्याच वर्षी पूर्ण कर भरणाऱ्या रहिवाशांना प्रत्येकी १०० पौंड परत दिले गेले होते. उत्तरेकडच्या वॉर्डांनी मजूर पक्षाला आणि दक्षिणेकडच्यांनी हुजूर पक्षाला मतं दिली होती. दरवेळी तसंच होई. गृहनिर्माणाचे निर्णय बहुमताकडे, आणि त्या निर्णयांखाली राहणारी बरीच घरं अल्पमताच्या वॉर्डांत.

जून-जुलै २०१४.
टॉवरला बाहेरून क्लॅडिंग बसवायचं होतं, म्हणजे घरं उबदार राहतील आणि इमारत चांगली दिसेल. आधी जस्ताचे पत्रे ठरले होते. खर्च कमी करायचा म्हणून ॲल्युमिनियमच्या संमिश्र पॅनेलांचा पर्याय पुढे आला. ती एका पद्धतीने बसवली तर २,९३,३६८ पौंड वाचतील, असा आकडा मांडला गेला. जुलैमध्ये व्यवस्थापन संस्थेकडून खर्च-सल्लागारांना ईमेल गेला : उद्या सकाळी पावणेनऊला गृहनिर्माण पाहणाऱ्या नगरसेवकांपुढे चांगले आकडे हवेत.

ही पॅनेलं जवळून पाहायला हवीत. एकूण जाडी ४ मिलिमीटर. पुढे अर्ध्या मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा, मागे तसाच दुसरा, आणि मधल्या ३ मिलिमीटरमध्ये पॉलिएथिलीन. पॉलिएथिलीन हे प्लास्टिक. ते वितळतं, ठिबकतं आणि जळतं. पॅनेल बसवायच्या दोन पद्धती होत्या : रिव्हेट ठोकून सपाट लावायचं, किंवा कडा मुडपून पेटीसारखं करून टांगायचं. दुसरी पद्धत दिसायला नीटस. ती निवडली गेली. पेटीसारखं टांगलेलं हे पॅनेल आगीत अत्यंत धोकादायक ठरतं, हे सांगणारे चाचण्यांचे निष्कर्ष निर्मात्या कंपनीच्या हाती २००५ च्या सुरुवातीपासून होते. ज्यांनी पॅनेल निवडलं त्यांच्यापर्यंत ते पोहोचले नाहीत.

मालक कौन्सिल, कारभारी संस्था, तिच्याखाली मुख्य ठेकेदार, त्याच्याखाली क्लॅडिंगचा उपठेकेदार, बाजूला वास्तुविशारद आणि सल्लागार. मुंबई-पुण्यातल्या वाचकाला ही उतरंड नवी नाही. सुरक्षेची तपासणी आपल्या खालच्याने किंवा शेजारच्याने केली असेल, असं प्रत्येकाने गृहीत धरलं.

७ जुलै २०१६. अकरा महिने एक आठवडा.
कौन्सिलच्याच इमारत नियंत्रण विभागाने काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला. ऑगस्ट २०१४ पासून या दिवसापर्यंत कौन्सिलच्या तपासणी अधिकाऱ्याने टॉवरला १६ भेटी दिल्या होत्या. बांधकाम चालू असताना पॅनेलं उघडी होती. मागचं फोमचं इन्सुलेशन उघडं होतं. तेही ज्वलनशील होतं.

१९ ऑगस्ट २०१६. दहा महिन्यांहून कमी.
शेजारच्या हॅमरस्मिथ अँड फुलहॅम बरोमधल्या शेफर्ड्स कोर्ट या १८ मजली इमारतीत कपडे वाळवण्याचं यंत्र पेटलं. आग बाहेरच्या पॅनेलांवरून वर चढली. कोणी दगावलं नाही.

२० नोव्हेंबर २०१६. २०६ दिवस.
ग्रेनफेलच्या रहिवाशांच्या त्याच गटाने पुन्हा लिहिलं. अनेक माणसांचे जीव घेणारी मोठी दुर्घटना होईल तेव्हाच व्यवस्थापन संस्थेचा नाकर्तेपणा जगासमोर येईल, असा त्या मजकुराचा आशय होता. तसं घडलं तर आपण इशारे दिले होते याची नोंद राहावी, हेही त्यांनी बजावून ठेवलं. हे लिहिणाऱ्यांपैकी एक जण टॉवरच्या १६व्या मजल्यावर राहत होता. त्याच्याकडे तंत्रज्ञांची फौज नव्हती, चाचण्यांचे अहवाल नव्हते. पॅनेलांत काय भरलंय हेही त्याला ठाऊक नव्हतं. आपल्या तक्रारींना कशी उत्तरं मिळतात, एवढं मात्र तो रोज पाहत होता.

२८ फेब्रुवारी २०१७. १०६ दिवस.
लॅकनल हाउसच्या आगीबद्दल सदर्क कौन्सिलला न्यायालयाने २,७०,००० पौंड दंड केला. शिवाय ३,००,००० पौंड खर्च भरायला लावला. कौन्सिलने गुन्हा कबूल केला होता. आगीनंतर साडेसात वर्षांनी.

एप्रिल २०१७. दोन महिने.
शेफर्ड्स कोर्टच्या आगीवरून लंडन अग्निशमन दलाने राजधानीतल्या ३३ स्थानिक संस्थांना पत्र पाठवलं. इमारतींच्या बाहेरची पॅनेलं नियमांत बसतात का ते तपासा, असा मजकूर होता. केन्सिंग्टन अँड चेल्सी त्या ३३ मध्ये होता.

८ जून २०१७, गुरुवार, रात्री दहा. १२३ तास.
संसदेच्या निवडणुकीचं मतदान संपलं. केन्सिंग्टन मतदारसंघाची मोजणी सुरू झाली. हुजूर पक्षाला इथे कधी घाम फुटला नव्हता. या वेळी दोन गठ्ठे जवळजवळ सारखे निघाले.

९ जून, शुक्रवार, सकाळ.
फेरमोजणी झाली. फरक इतका कमी की पुन्हा मोजायची मागणी आली. मोजणारे रात्रभर जागे होते. त्यांना विश्रांती देऊन मोजणी संध्याकाळपर्यंत थांबवण्यात आली.

९ जून, रात्री नऊच्या सुमारास. साधारण १०० तास.
शेवटच्या मोजणीनंतर निकाल लागला. मजूर पक्षाच्या एमा डेंट कोड यांना १६,३३३ मतं, हुजूर पक्षाच्या व्हिक्टोरिया बॉर्विक यांना १६,३१३. फरक २०. ही जागा मजूर पक्षाने पहिल्यांदाच जिंकली होती. डेंट कोड २००६ पासून बरोच्याच नगरसेविका होत्या. देशातला हा शेवटचा निकाल, त्यामुळे सगळ्या वाहिन्यांवर गाजला. उत्तर केन्सिंग्टनचं नाव एवढ्या वेळा टीव्हीवर क्वचितच आलं असेल.

२० मतं म्हणजे ग्रेनफेलच्या एखाद-दोन मजल्यांवरचे मतदार. एकेका मजल्यावर सहा फ्लॅट होते.

१३ जून, मंगळवार, रात्र.
रमजान चालू होता. रात्रीची नमाज उशिरा संपायची, पहाटेच्या सहेरीसाठी काही घरं जागीच राहायची. खिडक्या उघड्या होत्या. दिवस उन्हाळ्याचे होते. टॉवरमध्ये त्या रात्री २९७ माणसं होती.

१४ जून, रात्री १२:५४.
चौथ्या मजल्यावरच्या १६ क्रमांकाच्या फ्लॅटमधून आपत्कालीन क्रमांकावर फोन गेला. स्वयंपाकघरात फ्रीजपाशी आग लागली होती. फोन करणाऱ्याने शेजाऱ्यांची दारं वाजवली. त्याने जे करायला हवं ते सगळं केलं. पुढे काही वृत्तपत्रांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. या आगीच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने त्याच्यावर कोणताही दोष नाही असं स्पष्ट लिहिलं.

१२:५९.
पहिले बंब पोहोचले. एका फ्लॅटमधली आग ही लंडनच्या जवानांना नेहमीची गोष्ट. काँक्रीटच्या इमारतीत प्रत्येक फ्लॅट म्हणजे बंद पेटी असते, आग ज्या घरात लागली तिथेच तास-दीड तास अडून राहते, या गृहीतकावर सगळी शिकवण उभी होती. म्हणूनच बाकीच्यांना घरातच थांबा असं सांगायचं. गृहीतक काँक्रीटपुरतं बरोबर होतं.

१:०७.
जवान फ्लॅटमध्ये शिरले.

१:०९.
खिडकीची नवी चौकट प्लास्टिकची होती. ती उष्णतेने वाकली आणि आग क्लॅडिंगमध्ये गेली. ज्वाळा आता इमारतीच्या बाहेर होत्या.

१:१३.
खाली उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने बंब सहा करा असा निरोप दिला.

१:१४.
जवानांनी स्वयंपाकघराचं दार पहिल्यांदा उघडलं. आतली आग त्यांनी काही मिनिटांत विझवली. ज्या आगीसाठी त्यांना बोलावलं होतं ती विझली होती. दुसरी त्यांच्या डोक्यावरून वर निघाली होती.

१:१८.
२९७ पैकी ३४ जण बाहेर पडले होते. जिना अजून बऱ्यापैकी मोकळा होता.

१:२१.
२२व्या मजल्यावरून फोन आला. धुराचा वास येतोय. घरातच थांबायला सांगण्यात आलं.

१:२६.
पोलिसांनी ही मोठी आपत्ती असल्याचं जाहीर केलं. अग्निशमन दलाला ते कळवलं नाही.

१:२७.
आग छतापर्यंत पोहोचली. चौथ्या मजल्यावरून निघून माथ्यापर्यंत जायला तिला जेमतेम २० मिनिटं लागली. लंडनच्या अग्निशमन दलाकडची सर्वांत उंच शिडी ३२ मीटरची होती. टॉवर ६७ मीटर.

१:३१.
बंबांची मागणी २५ वर गेली. वरच्या मजल्यांवरून फोन सुरूच होते. फोन घेणारी मंडळी त्या रात्री शहराच्या दुसऱ्या टोकाला, स्ट्रॅटफर्डच्या पर्यायी नियंत्रण कक्षात बसली होती. त्यांच्यासमोर इमारतीचं चित्र नव्हतं. फोनवरचा माणूस घाबरलेल्या आवाजात ज्वाळांचं वर्णन करत होता आणि फोन घेणारे प्रशिक्षणाप्रमाणे उत्तर देत होते. कोण कुठल्या फ्लॅटमध्ये अडकलंय हे घटनास्थळी चिठ्ठ्यांवर लिहून एकाकडून दुसऱ्याकडे जात होतं.

१:३० ते १:५०.
या २० मिनिटांत ‘घरातच थांबा’ हा सल्ला मागे घेऊन इमारत रिकामी करायला हवी होती, आणि ते शक्य होतं. चौकशी आयोगाने २०१९ मध्ये हा निष्कर्ष काढला. त्या रात्री ही २० मिनिटं तशीच गेली. जवान धुरातून वर जात होते, माणसं पाठीवर घेऊन उतरत होते. त्यांच्या धैर्याबद्दल आयोगालाही शंका नव्हती. अशा आगीसाठी त्यांना कोणी तयारच केलं नव्हतं.

२:०४.
४० बंबांची मागणी.

२:०६.
अग्निशमन दलाने मोठी आपत्ती जाहीर केली. पोलिसांनंतर ४० मिनिटांनी.

२:३५.
नियंत्रण कक्षाने स्वतःहून सल्ला बदलला. आता फोनवर सांगायचं : बाहेर पडा.

२:४७.
घटनास्थळीही तोच आदेश निघाला. १२:५४ पासून एक तास ५३ मिनिटं झाली होती. जिन्यात काळा धूर होता. कुठल्या मजल्यावर ओला टॉवेल तोंडाला लावून माणसं निघाली, कुठे दार उघडून धूर पाहून परत आत गेली. शेजाऱ्याकडे आसऱ्याला गेलेल्यांतले अनेक जण तिथेच सापडले. टॉवरमध्ये ३७ रहिवासी अपंग होते. त्यांना कसं उतरवायचं याची योजना कोणाकडेच नव्हती. त्यांतले १५ जण गेले.

४:३०.
एव्हाना टॉवर चारही बाजूंनी पेटला होता.

८:०७.
११व्या मजल्यावरून एक वृद्ध रहिवासी बाहेर आणला गेला. त्याच्यानंतर कोणी जिवंत बाहेर आलं नाही.

मृतांचा अंतिम आकडा ७२. त्यांत १८ मुलं.

१४ जून, दिवसभर.
बेघर झालेल्यांना अन्न, कपडे, अंथरूण दिलं ते मशिदींनी, चर्चनी, क्रीडासंकुलांनी आणि शेजाऱ्यांनी. कौन्सिलची माणसं कुठे आहेत, असं लोक विचारत राहिले. या कौन्सिलच्या गंगाजळीत त्या वेळी २७ कोटी पौंडांहून अधिक रक्कम शिल्लक होती.

१६ जून.
संतापलेले रहिवासी केन्सिंग्टन टाउन हॉलमध्ये घुसले.

२९ जून.
आगीनंतर कौन्सिलच्या कॅबिनेटची पहिली बैठक. कौन्सिलला ती पत्रकारांशिवाय घ्यायची होती. उच्च न्यायालयाने त्यांना आत सोडायला लावलं. पत्रकार आल्यावर कौन्सिलचे नेते निकोलस पॅजेट-ब्राउन यांनी बैठकच गुंडाळली. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. गृहनिर्माण पाहणारे उपनेतेही गेले. जुलैमध्ये त्याच पक्षाच्या एलिझाबेथ कॅम्पबेल नेतेपदी आल्या.

३ मे २०१८, गुरुवार, सकाळी सात.
बरो कौन्सिलच्या निवडणुकीचं मतदान सुरू झालं. आगीला अकरा महिनेही पूर्ण झाले नव्हते. झाकलेला टॉवर नॉटिंग डेल वॉर्डात उभाच होता. वाचलेली काही कुटुंबं अजून हॉटेलांत राहत होती. ही सार्वमताची वेळ आहे, असं देशभर बोललं जात होतं.

रात्री दहा.
मतदान संपलं. नॉटिंग डेलच्या तिन्ही जागा मजूर पक्षाकडे गेल्या. कौन्सिलच्या ५० जागांचा निकाल असा लागला : हुजूर पक्ष ३६, मजूर पक्ष १३, लिबरल डेमोक्रॅट १. चार वर्षांत एक जागा हलली. कॅम्पबेल नेत्या राहिल्या.

दक्षिणेकडच्या मतदाराला निर्दय म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. तिथला माणूस आपल्या गल्लीतले दिवे, कचरा आणि कर पाहून मत देतो, आणि त्या बाबतीत कौन्सिल चोख होती. दोष आहे तो अशा कौन्सिलचा, जिला आपल्याला मत न देणाऱ्या भाडेकरूचं पत्र उघडायची निकड कधी वाटलीच नाही. तिथलं बहुमत कोणत्याच वर्षी धोक्यात नव्हतं. २०१३ ची तक्रार, २०१३ चा अर्धा राहिलेला अहवाल, २०१६ चा इशारा, २०१७ चं अग्निशमन दलाचं पत्र : यांतल्या एकाही कागदाने निवडणुकीत कोणाची जागा जाणार नव्हती.

४ सप्टेंबर २०२४.
सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशी आयोगाने अंतिम अहवाल सादर केला. सरकार, पॅनेल आणि इन्सुलेशन बनवणाऱ्या कंपन्या, वास्तुविशारद, ठेकेदार, व्यवस्थापन संस्था, कौन्सिल आणि तिचा इमारत नियंत्रण विभाग, अग्निशमन दल : जबाबदारी प्रत्येकाच्या नावापुढे मांडलेली आहे. सगळे मृत्यू टाळता येण्याजोगे होते, असं मूर-बिक यांनी सांगितलं. त्या दिवसापर्यंत या मृत्यूंच्या जबाबदारीबद्दल एकाही व्यक्तीवर किंवा कंपनीवर आरोप ठेवण्यात आलेला नव्हता.